काट्याच्या वायरीवरची गाठ

आमच्या घरी दुधाचा इलेक्ट्रॉनिक काटा आला, तो एस.टी.त आबांच्या मांडीवर बसून आला. आबा म्हणजे माझे वडील. वजनाचा चौकोनी पाट गाडीच्या टपावर बांधला होता, पण लाल आकडे दाखवणारी पेटी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. शिरूरपासून न्हावरं, न्हावऱ्यापासून नदीचा पूल, पुलावरून आमच्या वस्तीचा फाटा, एवढा रस्ता ती पेटी गोणपाटात गुंडाळून छातीशी धरलेली. बरोबर शेजारचे सोपानकाका होते. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या ते आईला ओरडून म्हणाले, "वैनी, पाळणा बांधा! लेकरू आणलंय शिरूरवरनं!" आणि माझ्याकडं बघून, "तुला बी आबानं एवढं जपून धरलं नसंल गं कवा." आई पदर तोंडाला लावून हसली. आबा हसले नाहीत. त्यांना पेटी ठेवायला कोरडी जागा पाहिजे होती, आणि ओट्यावर नुकतंच शेण सारवलेलं होतं.

आम्ही मूळचे मेंढरामागचे. आजोबा होते तोवरच मेंढरं गेली आणि भीमेच्या अलीकडं, दौंड तालुक्यात, थोडी जमीन आणि दोन म्हशी घेऊन आम्ही एका जागी बसलो. भोवतालची घरं मोठ्या शेतकऱ्यांची, सगळी एकमेकांची भाऊबंद. दूध गोळा करायचं केंद्र कुणाच्या ओट्यावर ठेवायचं यावरून त्या भाऊबंदांत एवढं जुंपलं, की शेवटी सगळ्यांनी मिळून आबांचं नाव घेतलं. कारण आबा कुणाचेच नव्हते. दुसरंही कारण होतं. मेंढरं असताना आबा ज्याच्या रानात खतासाठी कळप बसवायचे त्याला जेवढ्या रात्रींचा शब्द द्यायचे तेवढ्या रात्री बसवायचेच, मग चारा संपो की वरून गारा पडोत. रानाची मालकमंडळी ते विसरली नव्हती. आमच्याकडं दुसरं काय होतं? घर कुडाचं, वर पत्रा. पण गावात कुणी काही ठरवताना "धोंडीआबाला विचारा" म्हणायचं, आणि ते ऐकलं की आई चुलीपुढं बसल्या बसल्या जरा ताठ व्हायची.

पहाटे पहिली जाग यायची ती किटल्यांच्या आवाजानं. आधी लांबून सायकलीच्या दांडीला आपटणारी किटली, मग ओट्याच्या दगडावर ठेवलेली, मग झाकणांचा खणखणाट, आणि मग बायकांचं बोलणं. दूध घालायला निम्म्याहून जास्त बायकाच यायच्या, आणि घरी सासूपुढं जे बोलता यायचं नाही ते सगळं आमच्या ओट्यावर बोलून जायच्या. आई आत हुलग्याचं माडगं ढवळत असायची. दुधाच्या घरात लोकांना वाटतं पोरं दूध पिऊन लोळत असतील. आम्ही माडगंच प्यायचो, वर लसणाची फोडणी, आणि ते एवढं कढत असायचं की पितळी पदरानं धरावी लागायची. म्हैस व्याली तर खरवस, तोही आधी शेजारी वाटून. आबांना बारीक आकडे दिसायचे नाहीत, म्हणून पाटावर किटली ठेवली की आकडा मोठ्यानं वाचायचं काम माझं. मी सतरा-अठराची होते, सातवीनंतर शाळा सुटलेली, आणि त्या पेटीपुढं बसले की मला कुठंतरी ऑफिसात बसल्यासारखं वाटायचं. काटा स्थिर झाला की बारीक आवाज करायचा. टूं. तो आवाज झाल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, असं आबांनी बजावलं होतं.

आता त्या गाठीचं सांगते. पाटापासून पेटीपर्यंत एक काळी वायर होती, आणि पेटीच्या जरा अलीकडं त्या वायरीला एक गाठ होती. बांधलेली गाठ नव्हे. अजगरानं उंदीर गिळल्यावर पोटात दिसावा तसा प्लास्टिकचा लांबट फुगवटा. झाडताना हात लागायचा. मला वाटायचं, वायर कमी पडली म्हणून जोडली असेल. आबांनी एकदा बोटानं चाचपून बघितला आणि सोडून दिला. कुणाच्याच मनात काही नव्हतं.

सुरुवात झाली ती फेसावरून. सोपानकाकांची म्हैस त्या दिवसांत आटत आली होती, आणि काकांना ते पटत नव्हतं. ते घरी ताजं दूध लिटरच्या मापानं मोजून आणायचे, वर हा एवढा फेस. आमच्याकडं येईस्तोवर फेस बसायचा आणि काटा कमी दाखवायचा. आबा म्हणायचे, "काका, तुम्ही फेस मोजून आणताय." काका म्हणायचे, "फेस काय आभाळातनं पडतो व्हय? म्हशीचाच हाय न्हवं?" लोक हसायचे. काकाही हसायचे. पण रोज रोज हसून होत नाही. एक दिवस ते न हसताच किटली उचलून गेले.

त्यातच विलास. विलास सोपानकाकांचा पुतण्या, कोरेगाव भीमाकडं एका कंपनीत जायचा. कंपनीतला निळा शर्ट तो सुट्टीच्या दिवशीही घालायचा. त्याला सगळ्यातलं थोडं थोडं ठाऊक होतं. त्या वर्षी उसाच्या काट्यांबद्दल लोकांत फार बोललं जात होतं, काट्यात आत काहीतरी बसवून वजन मारतात, लांबून बटण दाबलं की आकडा खाली येतो वगैरे. खरंखोटं देव जाणे. विलास एका संध्याकाळी दूध घालायला आला, वाकून वायर बघितली, गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आबा, हे काय हाय?"

"वायरीचीच हाय ती," आबा म्हणाले.

"पर कशाला हाय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? "आली तवापासनं हाय," मी म्हटलं.

"तेच म्हन्तो मी," विलास म्हणाला. "आली तवापासनंच हाय."

एवढंच बोलला तो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक बाई किटली ठेवायच्या आधी वायरीकडं बघायला लागली. कुणी म्हणे त्यात चिप आहे, कुणी म्हणे लोहचुंबक आहे, पाट खालून उचलून धरतं. आमच्या आईनं तर एकीला विचारलं, "का गं, माझ्या घरात बसून मी तुजं दूध चोरीन व्हय?" ती म्हणाली, "तुमी न्हाई वो वैनी. ती गाठ." जणू गाठ आमच्या घरातलं चौथं माणूस होती आणि तिच्या गुणांची आम्हांला कल्पना नव्हती.

शेवटी आबाच म्हणाले, फोडा. संशय नको. सगळ्यांदेखत ओट्यावर वायर ठेवली, विलासनं विळ्याच्या टोकानं प्लास्टिक चिरलं, आणि आतून काळ्या दगडाची जाड नळी निघाली. मनगटातल्या गोठासारखी, पण लांबट. वायर तिच्या पोटातून नुसती आरपार गेली होती. कुठं जोडलेली नाही, चिकटवलेली नाही. काढताना ती फुटली, दोन तुकडे झाले. लोहचुंबक म्हणावं तर खिळा लावून बघितला, चिकटला नाही. चिप म्हणावी तर आत काहीच नव्हतं. नुसता दगड. मला वाटलं, सुटलो. पण सोपानकाका तुकडा तळहातावर घेऊन हळूच म्हणाले, "कशालाच जोडलेला न्हाई, कायच करत न्हाई, तर मग कंपनीनं घातला कशाला?" आणि त्याच संध्याकाळी काटा पिसाळला.

किटली ठेवली की आकडे पळायला लागले. चार सहाशे, चार नऊशे, तीन, पाच, परत चार. टूं आवाज होईचना. मी तोंड उघडून बसलेली, काय वाचू? जरा थांबायचे, वाचावं म्हटलं की परत पळायचे. ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. विलास म्हणाला, "बघा. गाठ काढली आन् काटा सुटला. म्हंजी काटा कोण चालवत हुतं?"

आणि गंमत बघा, तो चुकीचं बोलत नव्हता. हे मला कळायला फार वर्षं जावी लागली. माझी धाकटी लेक आता असल्याच बारीकसारीक यंत्रांच्या कामात आहे. तिच्या लॅपटॉपच्या वायरीला मी तसाच फुगवटा बघितला आणि बोटानं चाचपला. मी तिला विचारलं, हे काय असतं गं, खरं सांग. तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. वायर लांब असली की ती हवेतलं नको ते सगळं गोळा करते, जशी छतावरची टीव्हीची काडी करते. कुठं ठिणगी उडाली, कुठं मोटर सुरू झाली, त्याची थरथर वायरीत शिरते आणि नाजूक यंत्राला ती थरथर म्हणजे आकडाच वाटतो. तो काळा मणी वायरीला जोडावा लागत नाही, नुसता भोवती असला की पुरे. कामाचा प्रवाह संथ असतो, त्याला मणी जाणवतही नाही. पळती थरथर आली की मात्र मणी तिला जड होतो, तिथंच तिचा जीव जातो. मी म्हटलं, अगं, हे तर लोढणं! ओढाळ गुराच्या गळ्यात आपण लाकडाचा ओंडका अडकवतो. जनावर चालत चरलं तर त्याला काही होत नाही, पळायला लागलं की ओंडका गुडघ्यावर बसतो. लेक म्हणाली, "आई, आमच्या सरांनी हे तासभर शिकवलं होतं." मी उठून आत गेले. आबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांना सांगायची गोष्ट आता माझ्याजवळ आली होती.

ठिणग्या कुठल्या ते मला तेव्हाही कळत होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आमच्या ओट्यासमोर, रस्त्यापलीकडं, दत्तूचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉल्या, खिडक्यांचे गज, असलं काम. त्याच्याकडं निळा उजेड चमकला की आमच्या रेडिओवर खरखर व्हायची, बातम्या ऐकू यायच्या नाहीत, आणि आबा रेडिओला चापट मारायचे. आता तसाच निळा उजेड चमकला की आकडे पळायचे. मी दोन दिवस नीट बघितलं आणि सगळ्यांदेखत बोलले. विलास हसला. "वेल्डिंग तिकडं, काटा हिकडं. मधी वायर हाय का? का दत्तूनं भूत सोडलंय?" सगळे हसले. दत्तू आपल्या दुकानातून ओरडला, "ए बाई, माझ्या धंद्यावर कशाला आणतीस? मी काय केलं?" आणि मी गप्प बसले. कारण मधे वायर नव्हती, हे खरंच होतं. मला दिसत होतं ते मलाच समजावून सांगता येत नव्हतं.

मग असं ठरलं की आबांनी बेलभंडारा उचलावा. आमच्यात हे फार मोठं. हळदीचा भंडारा आणि बेलाचं पान तळहातावर घेऊन बिरोबासमोर उभं राहायचं आणि बोलायचं. त्यानंतर कुणी शंका काढायची नाही, काढली तर त्याचं त्याला. सोपानकाकांनीच हे सुचवलं, आणि वाईट मनानं नाही. त्यांना विषय मिटवायचा होता. "आबा, त्या गाठीत कायबी वंगाळ न्हवतं, एवढं देवाम्होरं म्हना," ते म्हणाले. "झालं. विलासचं त्वांड बंद, माझंबी बंद." येत्या रविवारी सकाळी, दूध झाल्यावर, असं ठरलं. आईनं त्याच दिवशी देवळासाठी नारळ आणून ठेवला. आम्हांला वाटलं, सुटका झाली. एकट्या आबांना तसं वाटत नव्हतं. जेवता जेवता ते म्हणाले, "मला त्या गाठीचं काय ठावं हाय?"

दुसऱ्या दिवशी ते आणि मी शिरूरला गेलो. काळ्या दगडाचे तुकडे मी रुमालात बांधून घेतले होते. काट्याचं दुकान एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात. मालक भला माणूस, त्यानं आम्हांला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. तुकडे बघून म्हणाला, "ही तर फुटली. नवी वायर देतो की." आबा म्हणाले, "वायर ऱ्हाऊ द्या. ही कशासाठी असती तेवढं सांगा." मालक हसला. "कशासाठी म्हंजी? कंपनीकडनंच अशी येती." "पर काम काय तिचं?" "काम..." त्यानं तुकडा उलटासुलटा केला. "असतंय कायतरी. त्याशिवाय घालत्यात व्हय कंपनीवाले?" आबांनी मान हलवली. सोपानकाका हेच म्हणाले होते. नवी वायर त्यानं कागदात गुंडाळून दिली, आणि तिला तशीच्या तशी गाठ होती. ती वायर घेऊन गावात कसं शिरायचं? गाठ परत आणली, असं लोक म्हणाले असते. आबांनी ती घरी नेऊन कणगीमागं ठेवली, आणि ती तिथंच राहिली.

त्यानंतर एक दिवस सोडून आम्ही दौंडला गेलो. रेल्वेच्या गावात हुशार माणसं असतात असं आबांना वाटायचं. स्टेशनजवळ एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा होता, दुकानात तारांचं जंगल. त्यानं तुकडा डोळ्याजवळ नेला आणि म्हणाला, "ह्याला चोक म्हणत्यात." आबांचा चेहरा एकदम उजळला. नाव तर सापडलं! "चोक म्हंजी?" "ट्यूबलाईटला असतो न्हाई का, तसाच." आबा विचारात पडले. मग म्हणाले, "ट्यूबचा चोक काढला तर ट्यूब पेटत न्हाई. ह्यो काढला तरी काटा पेटतोय की." मेकॅनिक कावला. "आजोबा, तुम्हाला रिपेर करायचंय का परीक्षा घ्यायचीय माझी?" आबांनी हात जोडले आणि आम्ही निघालो. स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत. गाडीत सगळा रस्ता ते पुटपुटत होते, "चोक. चोक." देवाचं नाव घ्यावं तसं. नुसत्या नावानं काही होणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. मी खिडकीशी बसून त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. यवतला एकजण फार शिकलेला होता म्हणे, तिथं जाऊ का असं मी विचारलं. ते म्हणाले, "किती जणांला विचारायचं पोरी? सांगणाराला तरी ठावं पायजे."

इकडं आणखी एक झालं. दत्तूच्या मनाला माझं बोलणं लागलं होतं. म्हणजे पटलं होतं असं नाही, पण उगाच आपल्यावर नको म्हणून त्यानं दुधाच्या वेळेला वेल्डिंग बंद ठेवायला सुरुवात केली. आणि काटा शांत झाला. टूं. टूं. पहिल्यासारखा. मी आनंदानं मोठ्यानं आकडे वाचायला लागले. मला वाटलं, आता तरी लोकांना दिसेल. दिसलं, पण निराळंच. एक म्हातारी किटली उचलता उचलता म्हणाली, "भंडाऱ्याचं नाव काढलं आन् काटा कसा सुदरला बघा!" सगळ्यांनी हुंकार भरला. मी ओरडून सांगितलं, दत्तूला विचारा, दत्तूनं मशीन बंद ठेवलंय. दत्तू दाराआड सरकला. आईनं मला दंडाला धरून आत ओढलं. "गप बस. जेवढं बोलशील तेवढं रुततंय." चुलीवर भाकरी करपली होती. तिनं ती तशीच उलटली आणि करपलेली बाजू खाली ठेवली.

रविवारी बिरोबाच्या माळावर सगळी जमली. देऊळ म्हणजे दगडांची एक बुटकी खोली, पुढं चिंचेचं झाड. बायका पायरीखाली उभ्या. मी आणि आई पुढं. सोपानकाकांनी ताट धरलं होतं, त्यात भंडारा, बेलाची पानं, आईनं दिलेला नारळ. आबांनी डोक्याचा फेटा नीट केला, पायतणं काढली, भंडारा आणि पान तळहातावर घेतलं. म्हणाले, "बिरोबाच्या साक्षीनं सांगतो. मी कुणाच्या दुधाचा एक थेंब घेतला न्हाई. कुणाचं वजन मारलं न्हाई. मारलं असंल तर माझं घर बसंल."

मला वाटलं, झालं. सोपानकाकांनी नारळ उचललाही होता. तेवढ्यात विलास म्हणाला, "तसं न्हवं आबा. ते तर आमालाबी म्हाईत हाय. गाठीचं बोला. गाठीत कायबी खोट न्हवती, एवढं."

आबा थांबले. तळहात तसाच पुढं. चिंचेवर कावळे भांडत होते. आबांनी पहिल्यांदा देवाकडं बघितलं, मग हातातल्या पिवळ्या चिमटीकडं.

"गाठीचं मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हंजी ठावं न्हाई. शिरूरला विचारलं, दौंडला विचारलं. कुणाला ठावं न्हाई. ती कायतरी करत हुती, काढल्यावर काटा बिघडला, हे मीबी डोळ्यानं बघितलं. काय करत हुती? मी न घेता तीच घेत आसंल, तर? ठावं न्हाई त्याची आण मी कशी घिऊ?"

सोपानकाका कळवळून म्हणाले, "आवं आबा, म्हनून टाका की! कुनाला काय करायचंय!" मागून दोघं-तिघं तेच म्हणाले. त्यांना खरंच आबांना सोडवायचं होतं. एक वाक्य. एवढं बोलले असते तर आमचा ओटा, आमची पेटी, आमचं "धोंडीआबाला विचारा", सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आई पायरीखालून, नवऱ्याशी चारचौघांत कधी न बोलणारी माझी आई, हलक्या आवाजात म्हणाली, "म्हना की वो." मी मनात नुसतं बोला, बोला, बोला म्हणत होते. आज मला ठाऊक आहे की ते बोलले असते तर ते खरंच ठरलं असतं. गाठ निर्दोष होती. ते खोटं बोलणार नव्हते, आणि जे खरं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही सगळी माणसं तिथं उभी होतो आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं.

आबांनी वाकून भंडारा परत ताटात ठेवला. पान ठेवलं. हात झटकला नाही, हळूच बोटांनी पुसला. पायतणं घालून ते माळ उतरायला लागले, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागून. घरी येऊन त्यांनी हात धुतले, पण तळहाताच्या रेषांत पिवळं तसंच राहिलं. त्याच हातानं ते जेवले. मी वाढत होते आणि मला त्या हाताकडं बघवत नव्हतं.

भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. उलट माणसं फार जपून वागली, आणि तेच जास्त जाचलं. "आबा, आता वय झालं तुमचं, विश्रांती घ्या," असं म्हणत त्यांनी केंद्र विलासच्या ओट्यावर नेलं. विलासनं कंपनी सोडली. कुणी म्हणतं त्यानं हे सगळं त्यासाठीच केलं. मला नाही तसं वाटत. त्याला खरंच संशय होता, आणि ओटा त्याच्या पदरात आपोआप पडला. पहाटे किटल्यांचा आवाज आता आमच्यासमोरून पुढं जायचा, थांबायचा नाही. बायका जाता जाता आईला हाक मारायच्या, आई आतून ओ द्यायची, पण बाहेर यायची नाही. माडगं मात्र ती अजून तेवढंच करायची, आणि ते उरायचं.

आमच्या म्हशींचं दूध घालायला तर जायलाच हवं होतं. मी म्हटलं मी एकटी जाते. आबा ऐकेनात. पहिल्या सकाळी ते स्वतः किटली घेऊन निघाले, मी बरोबर. विलासच्या ओट्यावर रांग होती. आबा रांगेच्या शेवटी उभे राहिले. लोकांनी पुढं व्हा, पुढं व्हा म्हटलं, ते हलले नाहीत. आमच्या आणि ओट्याच्या मधे पाच-सहा माणसं राहिली तेव्हा मला विलासचा नवा काटा दिसला. पाट, पेटी, मधली काळी वायर, आणि पेटीच्या जरा अलीकडं वायरीचा फुगवटा. विलासनं त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं, पण ते सरकलं होतं. त्यानं आम्हांला बघितलं. मग माझी नजर कुठं आहे ते बघितलं, आणि पायानं गोणपाट ओढून वायर झाकली. त्याचा चेहरा असा झाला, की मला एका क्षणी त्याची कीव आली आणि दुसऱ्या क्षणी सगळ्या रांगेला ओरडून सांगावंसं वाटलं.

मी आबांचा सदरा ओढला. "आबा, हितंबी गाठ हाय. बघितली का? तशीच हाय. बोला की."

"बघितली," आबा म्हणाले.

"मग बोला की! त्यालाबी विचारू द्या सगळ्यांला. त्यालाबी न्या देवळात."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना राग आला होता, आणि तो विलासचा नव्हता, माझा होता. आवाज चढू न देता ते म्हणाले, "त्यो उचलंल. त्याला ठावं नसताना उचलंल भंडारा, सगळ्यांदेखत. मग त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर? तुझ्या का माझ्या?"

रांग सरकत सरकत आमची पाळी आली. पुढचं माणूस रिकामी किटली घेऊन बाजूला झालं. "सरक म्होरं," आबा म्हणाले, आणि आमची किटली त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवली.